गाडीच्या वॉशरची टाकी बदलायची आहे? आधी पाणी कुठून जातंय ते शोधा

पावसाळ्यात घाटात समोरच्या ट्रकने काचेवर लाल चिखल उडवला आणि वायपरची दांडी ओढूनही पाणी आलं नाही, तर वायपर तोच चिखल अख्ख्या काचेवर पसरवतो. पुढचे काही क्षण रस्ता दिसतच नाही. म्हणून वॉशरची टाकी गळत असेल तर 'सावकाश बघू' म्हणून ती सोडून देऊ नका. हे काम घरी करण्यासारखं आहे. नवख्याने पहिल्यांदा करताना अर्धा दिवस हातात ठेवावा. घाई केली की प्लास्टिकचे कान (बोल्ट आणि क्लिपा बसतात ती टोकं) तुटतात, आणि खर्च टाकीपेक्षा त्या कानांचाच जास्त होतो.

टाकी फुटलीच आहे का?

बऱ्याचदा टाकी धडधाकट असते आणि गळतं दुसरंच काहीतरी. टाकीच्या तळाशी पाणी फेकणारा 12 व्होल्टचा छोटा पंप असतो. तो रबरी ग्रॉमेटमध्ये, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्यात, नुसता दाबून बसवलेला असतो. इंजिनाच्या उष्णतेने हे ग्रॉमेट काही वर्षांत कडक होतं, आक्रसतं आणि कडेने पाणी सोडू लागतं. ग्रॉमेटची किंमत टाकीच्या मानाने काहीच नाही. तेव्हा तपासणी आधी, खरेदी नंतर.

गाडी सपाट, कोरड्या जागी लावा आणि एसी बंद ठेवा. एसीचं पाणीही गाडीखाली ठिबकतं आणि माणूस हमखास फसतो. बंपरच्या कोपऱ्याखाली वर्तमानपत्र पसरा, टाकी गळ्यापर्यंत भरा आणि तासभर थांबा. मग पाणी कुठपर्यंत उतरलं ते बघा. टाकीचा गळा लांब आणि वाकडा असेल तर स्वच्छ धुतलेली पातळ नळी आत सोडून मोजता येतं. पाणी निम्म्यावर येऊन थांबलं तर चीर त्याच उंचीवर आहे. पूर्ण रिकामी झाली तर ग्रॉमेट, पंप, तळ किंवा खालून जाणारी नळी यांपैकी एकाचा दोष आहे. फक्त वरपर्यंत भरतानाच पाणी सांडत असेल तर गळ्याच्या जोडाचं सील गेलंय. आणि एरवी पातळी टिकते पण दांडी ओढली की खाली पाणी पडतं, असं असेल तर नळी कुठेतरी तुटली किंवा सुटली आहे.

नळीच्या बाबतीत पहिला संशय उंदरांवर घ्या. पार्किंगमध्ये शेजारी कचराकुंडी किंवा झाडी असेल तर बॉनेटखाली कुरतडलेले रबराचे कण आणि लेंड्या दिसतील. हॅचबॅक गाडीत मागच्या काचेची नळी आतून, गालिच्याखालून किंवा छताच्या अस्तरातून जाते. ती सुटली तर टाकी रिकामी होते आणि गाडीखाली मात्र थेंबही पडत नाही. त्यामुळे आतला गालिचा आणि डिकीचं अस्तर हाताने दाबून ओल तपासा.

पंपाचा आवाजही बरंच सांगतो. दांडी ओढल्यावर बारीक घरघर येते पण पाणी येत नाही, म्हणजे पंप चालू आहे आणि अडथळा नळीत किंवा नोझलमध्ये आहे. आवाजच नसेल तर फ्यूज, कनेक्टर किंवा पंप बघा. या दोन्हींत टाकी बदलून काही साध्य होत नाही.

चीर टाकीतच सापडली, तर ती चिकटवण्याचा मोह होईल. ही टाकी पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असते, आणि या प्लास्टिकवर एमसील, झटपट चिकटणारा गोंद, सिलिकॉन यांतलं काहीच नीट धरत नाही. दोन दिवस टिकतं, मग पापुद्र्यासारखं सुटून येतं. त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी सोल्डरिंग गनने वितळवून जोडणारे कारागीर बंपर दुरुस्तीच्या दुकानांत असतात. सपाट जागेवरची लहान चीर त्यांच्याकडून बरी होते. तळाच्या कोपऱ्यातली किंवा बोल्टच्या कानाजवळची चीर मात्र पुन्हा उघडते. तिथे नवी टाकीच घ्यावी.

टाकी असते कुठे

बॉनेट उघडल्यावर जे झाकण दिसतं, त्यावर काच आणि कारंजं असं चिन्ह असतं. झाकण बहुधा निळं असतं. पण रंगावर जाऊ नका, चिन्ह बघा. शेजारीच कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, अर्धपारदर्शक बाटली असते. नवखी माणसं वॉशरचं साबणपाणी कूलंटमध्ये ओततात, आणि मग सगळी कूलंट यंत्रणा धुऊन काढावी लागते. शिवाय गरम इंजिनावर कूलंटचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

काही लहान आणि जुन्या गाड्यांत अख्खी टाकी बॉनेटखालीच, समोर दिसेल अशी असते. दोन बोल्ट काढले की ती हातात येते, आणि पुढचं निम्मं वर्णन तुम्हाला लागणारच नाही. बाकी बहुतेक गाड्यांत वर फक्त गळा दिसतो आणि टाकीचं पोट बंपरच्या कोपऱ्यामागे, पुढच्या चाकासमोर दडलेलं असतं. बॅटरीवर चालणारी टॉर्च गळ्याच्या कडेने खाली मारा, म्हणजे टाकी क्लीनर साइडला आहे की ड्रायव्हरच्या बाजूला ते कळेल. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

गाडीच्या पुढे रडार किंवा कॅमेऱ्यावर चालणारी चालक-साहाय्य यंत्रणा असेल आणि टाकीसाठी बंपर सोडवावाच लागत असेल, तर काम वर्कशॉपला द्या. रडार थोडं जरी हललं तरी त्याची दिशा उपकरणाने पुन्हा लावावी लागते.

सुटा भाग घेताना

पार्ट्सच्या काउंटरवर गाडीचं नाव आणि वर्ष सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये मागच्या वायपरची आणि बिनवायपरची अशा दोन टाक्या असू शकतात. आरसी बुकावरचा चेसिस नंबर द्या आणि त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या. टाकीबरोबर काय येतं ते स्पष्ट विचारा: पंप, ग्रॉमेट, गळ्याची नळी, झाकण. पुष्कळदा टाकी नुसतीच येते. जुना पंप चांगला असला तरी ग्रॉमेट नवंच घ्या, मागच्या-पुढच्या काचेला दोन पंप असतील तर दोन घ्या. पातळी सांगणारा सेन्सर असेल तर त्याचंही ग्रॉमेट वेगळं असतं. लायनरच्या (चाकाच्या कमानीतल्या काळ्या प्लास्टिकच्या) क्लिपा आठ-दहा जास्तीच्या घ्या. जुनी क्लिप दाखवूनच घ्या, कारण भोकाचा व्यास मिलिमीटरभर चुकला तरी क्लिप धरत नाही.

धडकेत बंपरबरोबर टाकीही फुटली असेल तर दोन्ही एकाच विमा दाव्यात दाखवा. नुसत्या टाकीसाठी मात्र दावा परवडत नाही. नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये सक्तीचे स्वतः भरावे लागतात आणि नो क्लेम बोनसही जातो.

हत्यारं

10 नंबरचा सॉकेट, रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन एवढ्यावर बहुतेक काम होतं. त्याबरोबर फिलिप्स आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, क्लिप काढायचा चिमटा, पक्कड, गंज सोडवणारा स्प्रे, टॉर्च, उथळ घमेलं, फडकी आणि रंगाऱ्याची चिकटपट्टी. चाक काढायचं असेल तर जॅकखेरीज घोडी, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचा स्टँड, हवीच. गाडी नुसत्या जॅकवर असताना हात किंवा डोकं खाली घालायचं नाही. उतरवलेलं चाक शेजारच्या पत्र्याखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे घोडी घसरली तरी गाडी चाकावर अडते.

उघडायची पद्धत

इंजिन थंड होऊ द्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा आणि चावी काढून घ्या. त्याआधी स्टिअरिंग टाकीच्या विरुद्ध बाजूला पूर्ण वळवून ठेवा. टाकी क्लीनर साइडला असेल तर उजवीकडे. त्यामुळे चाकाची पुढची कड आत जाते आणि कमानीच्या पुढच्या भागात हात घालायला जागा होते. एवढ्याने भागलं तर चाक काढूच नका. काढायचंच असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा.

चाकाच्या कमानीत जे काळं प्लास्टिक असतं ते लायनर. ते काही स्क्रूंनी आणि काही क्लिपांनी धरलेलं असतं. क्लिपा दोन जातीच्या असतात आणि चूक इथेच होते. एकीची मधली खुंटी स्क्रू ड्रायव्हरने वर उचलायची, मग अख्खी क्लिप बाहेर येते. दुसरीची खुंटी उलट दोन-तीन मिलिमीटर आत दाबायची. तिला वर ओढत बसलात तर ती तुटेलच. खुंटीभोवती खाच असेल तर पहिली जात, खुंटी सपाट आणि गुळगुळीत असेल तर दुसरी. कमानीतल्या क्लिपांत चिखल वाळून दगड झालेला असतो, त्यामुळे आधी ब्रशने पाणी मारून तो भिजवा. पाच मिनिटं थांबलात तर निम्म्या क्लिपा वाचतात.

लायनर पूर्ण काढायची गरज नसते. पुढचा अर्धा भाग मोकळा करून मागे वाकवा आणि दोरीने स्प्रिंगला बांधून ठेवा. बंपरच्या खालच्या कडेचं आच्छादन आड येत असेल तर त्याचेही पुढचे दोन-तीन स्क्रू काढा. काढलेला प्रत्येक स्क्रू कुठला ते कळावं म्हणून पुठ्ठ्यावर गाडीचा कोपरा काढून त्यात स्क्रू टोचत जा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर तो आत कशाला तरी टोचतो.

काही गाड्यांत टाकीचा एक बोल्ट बंपरआड जातो. तेव्हा बंपरचा तेवढाच कोपरा सोडवायचा: कमानीतला स्क्रू काढून, दोन्ही हात कडेच्या जवळ धरून, सरळ बाजूकडे ओढायचा. पुढे ओढलात तर फेंडरखालच्या पट्टीचे दात मोडतात. फॉग लॅम्पची वायर आधी सोडवा.

टाकी बाहेर काढणं

प्रथम पाणी काढा. नोझलमधून फवारे मारून टाकी रिकामी करू नका. शेवटी पंप कोरडा फिरतो, आणि त्याला थंड ठेवणारं आणि त्याचं वंगण सांभाळणारं तेच पाणी असतं. घमेलं खाली धरा, पंपाची वायर सोडवा आणि पंप हलकेच वर-बाहेर ओढा. पाणी आपोआप येईल. टाकीत तीन-चार लिटर असू शकतं, तेवढं मोठं भांडं घ्या.

वायरच्या कनेक्टरला एक जीभ असते, ती दाबूनच ओढायचं. वायरला धरून कधीच नाही. पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. पुष्कळ 'मेलेले' पंप एवढ्याने जिवंत होतात. काही गाड्यांत एकाच पंपाला दोन तोंडं असतात आणि वीज उलटसुलट दिली की पाणी पुढे किंवा मागे जातं. म्हणून नळ्या काढण्याआधी चिकटपट्टीवर 'पुढची', 'मागची' लिहून लावा आणि मोबाइलवर फोटो काढा. नळी तोंडावर घट्ट बसली असेल तर सरळ ओढू नका, तोंडच मोडेल. कपभर गरम पाणी ओता, नळी गोल फिरवा, मग ती सुटते. टोक फाटलं असेल तर सेंटिमीटरभर कापून टाका. तेवढी लांबी नळीत असते.

आता बॉनेटखालून गळा सोडवा. तो पत्र्याला एका क्लिपने धरलेला आणि टाकीत सीलसह खोचलेला असतो. गळा सरळ वर ओढा, तिरका ओढला तर सील फाटतं. मग टाकीचे दोन किंवा तीन बोल्ट. चिखलात राहून ते गंजलेले असतात. स्प्रे मारून दहा मिनिटं सोडा, आणि पान्याला एकदम जोर न लावता थोडं सैल, थोडं परत घट्ट असं करत काढा. बोल्ट तुटला तर पत्र्याचा वेल्ड केलेला नट फिरू लागतो आणि साधं काम वेल्डरकडे जातं. शेवटचा बोल्ट काढताना टाकीला खालून हात द्या. बोल्ट निघूनही टाकी अडत असेल तर तिचा एखादा खुंटा पत्र्याच्या खाचेत अडकलेला असतो. वर उचलून आपल्याकडे घ्या.

नवी टाकी, जुना पंप

नवी टाकी आत पाणी फिरवून ओतून टाका. साच्यातून निघालेले प्लास्टिकचे कीस आत राहतात आणि थेट नोझलमध्ये जाऊन बसतात. पंपाच्या तोंडाशी किंवा ग्रॉमेटमध्ये छोटी जाळी असते. तिच्यावर बुळबुळीत थर आणि क्षाराचे पांढरे कण दिसतील. जाळी मऊ दात-ब्रशने धुवा. क्षार गेला नाही तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा.

ग्रॉमेट आधी टाकीच्या भोकात बसवा. त्याची कडेची खाच भोकाच्या ओठाला सर्व बाजूंनी धरते का ते बोट फिरवून बघा. मग पंपाचं तोंड साबणाच्या पाण्याने ओलं करून सरळ आत दाबा. तेल किंवा ग्रीस लावू नका. खनिज तेलाने रबर फुगतं आणि महिन्याभरात तिथूनच गळती सुरू होते. पंप आत गेला की त्याचं अंग टाकीच्या खोलगट जागेत टेकतं. टेकलं नाही तर तो तिरका गेलाय. काढून परत घाला.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच सर्वाधिक वगळली जाते. टाकी गाडीत चढवण्याआधी अंगणात, कोरड्या फरशीवर तिच्यात अर्धा लिटर पाणी घाला. ग्रॉमेटभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. नळीची तोंडं मात्र पाण्याच्या पातळीच्या वर येतील असे नळीचे तुकडे लावून वर धरा, कारण बंद पंपातूनही पाणी आरपार वाहतं. टिश्यू कोरडा राहिला तरच पुढे जा. लायनर लावून झाल्यावर गळती कळली तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

बसवताना आधी खुंटा खाचेत, मग सगळे बोल्ट हाताने चार-चार आटे, आणि शेवटी पान्याने. कान प्लास्टिकचे आहेत. बोल्ट टेकल्यावर पाव फेरा पुरे. गळ्याच्या सीलला पाणी लावून गळा सरळ खाली दाबा आणि वरची क्लिप अडकवा. नळ्या चिठ्ठीप्रमाणे लावा, कनेक्टर 'टक' वाजेपर्यंत दाबा. लायनर अजून बंद करायचं नाही. टाकी पूर्ण भरा, कोणाला तरी आत बसवून दांडी पाच-पाच सेकंद ओढायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन खालून बघा. पहिल्या दोन-तीन वेळा नळीतली हवा निघेपर्यंत पाणी येणार नाही. त्यानंतर यायला हवं.

पाणी आलं नाही तर

पुढची दांडी ओढल्यावर मागच्या काचेवर पाणी येत असेल तर नळ्यांची अदलाबदल झालीय. पाणी येतं पण दर वेळी उशिरा, तर नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह खराब आहे. नवीन बसवताना तो उलटा लागला असेल तर पाणी येणारच नाही. त्याच्यावरचा बाण नोझलकडे हवा. एकाच बाजूचा फवारा कमी असेल तर ते नोझल सुईने हळूच मोकळं करा. सुई जोरात घुसवू नका. पंख्यासारखा फवारा मारणाऱ्या नोझलमध्ये तर सुई घालूच नका, आतली रचना बिघडते. नोझल काढून उलट दिशेने पाणी मारा. आणि लायनर लावल्यावरच पाणी बंद झालं, तर नळी लायनर आणि पत्रा यांच्यामध्ये दबली आहे.

लायनर आणि चाक लावून झाल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते बघा. चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर एकाआड एक असे घट्ट करा आणि 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

टाकीत काय भरायचं

बोअरचं पाणी भरू नका. त्याचे क्षार नोझलमध्ये साचतात आणि काचेवर पांढरे डाग पाडतात. घरच्या आरओ फिल्टरचं शुद्ध पाणी चालतं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र नको, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. भांडी घासायचा साबण फेस करतो, काचेवर चिकट थर ठेवतो आणि रात्री समोरच्या दिव्यांची चकाकी वाढवतो. वॉशरसाठीचं द्रव बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळा. पावसाळ्याआधी आणि किडे काचेला चिकटतात त्या दिवसांत तो खर्च वसूल होतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात पाणी गोठायचा प्रश्न येत नाही. पण हिवाळ्यात गाडी घेऊन मनाली, काश्मीर किंवा लडाखला निघालात, तर टाकीतलं साधं पाणी निघण्याआधी पूर्ण काढा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि भरलेली टाकी तळाशी उभी चिरते. शून्याखाली चालणारं द्रव भरा, बाटलीवर लिहिलेलं तापमान बघूनच घ्या, आणि भरल्यावर दोन-चार फवारे मारून ते नळीत आणि नोझलपर्यंत पोचवा, कारण जुनं पाणी तिथेही उरलेलं असतं. अशा द्रवात बऱ्याचदा मिथेनॉल असतं आणि ते विषारी आहे. उरलेली बाटली पाण्याच्या बाटल्यांजवळ ठेवू नका. सकाळी फवारा आला नाही तर दांडी ओढत बसू नका. गोठलेला पंप फिरत नाही आणि फ्यूज उडतो. ऊन लागून किंवा इंजिन गरम होऊन बर्फ वितळेपर्यंत थांबा.